गरोदरपण, जंत-हिवताप आणि विषाणूसंसर्ग: यांचा एकमेकांशी काय संबंध?

निरगुडी

बरेच दिवस हा विषय डोक्यात होता, आज वेळ काढून लिहितेय. मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली नमुने बघण्याचं काम करते. गरोदर बाईच्या तपासण्यांची यादी येते तेव्हा त्यात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी ठरलेले असतात, आणि ते योग्यच आहे. पण शौचाची तपासणी अगदी क्वचित दिसते. डॉक्टरांनी लिहून दिली असली तरी "ते काय, जंतच ना, बाळंतपणानंतर बघू" म्हणून ती राहून जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की पोटातले जंत किंवा रक्तातला हिवतापाचा परजीवी आपल्या जागी गप्प बसून राहत नाही. आईच्या शरीरात विषाणूंना तोंड देणारी जी यंत्रणा असते तिच्यातही तो ढवळाढवळ करतो. कधी विषाणूचं फावतं, कधी उलटही होतं. गरोदरपणात ही यंत्रणा आधीच बदललेली असते, त्यामुळे तिथे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा होतो.

आधी गरोदरपणाबद्दल. "या काळात प्रतिकारशक्ती कमी होते" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण ते अर्धवट आहे. प्रतिकारशक्ती बदलते, आणि महिन्यांप्रमाणे बदलते. गर्भ रुजताना गर्भाशयात चांगलीच दाहक्रिया चालू असते. मधल्या महिन्यांत शरीर शांत होतं, बाळाला परकं न समजण्याकडे कल राहतो. प्रसूती जवळ आली की दाह पुन्हा वाढतो. या बदलांमुळे काही विषाणू गरोदर बाईला इतरांपेक्षा फार जास्त त्रास देतात. इन्फ्लुएन्झाचं १९१८ आणि २००९ च्या साथींत दिसलं. हिपॅटायटिस ई तर सगळ्यात भयंकर उदाहरण. त्याच्या काही प्रकारांत शेवटच्या तिमाहीतल्या बायकांचा मृत्युदर २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातो आणि एरवी हाच आजार बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जातो.

आता जंत. विषाणू पेशीच्या आत शिरतो, म्हणून त्याला मारायला शरीर गॅमा इंटरफेरॉन हा संदेश-रेणू आणि संसर्ग झालेल्या पेशी ठार करणाऱ्या टी-पेशी वापरतं. जंत एवढा मोठा असतो की कुठलीच पेशी त्याला गिळू शकत नाही. त्याच्यासाठी शरीराची वेगळी मोहीम असते: इंटरल्युकिन-४, ५ आणि १३ हे संदेश-रेणू, आयजीई प्रकारची प्रतिपिंडं, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी. या दोन मोहिमा एकमेकींना दाबतात. त्यातून जंत वर्षानुवर्षं टिकून राहण्यासाठी नियामक टी-पेशी वाढवतो आणि एकूण प्रतिकारालाच शांत करतो. शरीर अनेक वर्षं जंतांच्या बाजूला झुकलेलं असताना विषाणू आला तर?

२०१४ साली 'सायन्स'मध्ये उंदरांवरचे दोन अभ्यास आले. एकात हर्पिस गटातला विषाणू शरीरात निद्रिस्त होता. जंतांमुळे इंटरल्युकिन-४ वाढलं आणि विषाणू पुन्हा जागा झाला. दुसऱ्यात ट्रायकिनेला या जंतामुळे नोरोव्हायरस या आतड्याच्या विषाणूविरुद्धच्या टी-पेशींचा प्रतिसाद कमकुवत झाला, आणि उंदरांच्या आतड्यात जिवाणू अजिबात नसतानाही तसंच घडलं. म्हणजे हा परिणाम आतड्यातल्या जिवाणूंमार्फत झालेला नव्हता.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा अभ्यास २०२१ चा आहे. त्यात उंदरांना आतड्यातल्या जंताचा संसर्ग दिला. हा जंत योनिमार्गाकडे कधी फिरकतही नाही. तरीही योनिमार्गात इओसिनोफिल जमा झाले आणि तिथे जननेंद्रियांच्या हर्पिसचा विषाणू दिल्यावर जखमा जास्त वाईट झाल्या. इंटरल्युकिन-५ अडवल्यावर हा त्रास कमी झाला. आतड्यातल्या पाहुण्याचे परिणाम शरीराच्या दुसऱ्याच दालनात!

उंदीर म्हणजे माणूस नाही, हे मलाही ठाऊक आहे. माणसांमधले अभ्यास कमी आहेत आणि त्यांतही गरोदर बायकांवरचे आणखी कमी. जे आहेत त्यांबद्दल खाली बोलूच. कुणाला अनुभव किंवा शंका असतील तर जरूर लिहा.

ओवी

छान लिहिलंस. वाचता वाचता पोटात गोळा आला, कारण मी पाचव्या महिन्यात आहे आणि मागच्याच आठवड्यात माझ्या रिपोर्टमध्ये अंकुशकृमींची अंडी दिसली. हिमोग्लोबिन ९.१ आहे. डॉक्टर म्हणाल्या गोळी देऊ, काळजी नको. पण आता हे विषाणूंचं वाचून वाटतंय की बाळाला काही झालं असेल का?

निरगुडी

ओवी, आधी शांत हो. वर लिहिलेलं काहीही "तुझ्या बाळाला विषाणू लागला" असं सांगत नाही. अंकुशकृमी वारेतून (प्लासेंटातून) बाळाकडे जात नाहीत. तुझ्या बाबतीत आत्ता खरा प्रश्न रक्ताचा आहे. हा जंत आतड्याच्या आतल्या अस्तराला चावून धरतो आणि रक्त पितो. त्याच्या एका जातीत एक जंत दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो, दुसऱ्या जातीत त्याच्या पाच-सहा पट. शे-दोनशे जंत धर, रोजचं गणित कर, आणि वर बाळाची लोहाची गरज जोड. ९.१ का झालं ते कळेल.

चांगली गोष्ट अशी की तुला हे वेळेत कळलं. ही अंडी सापडणं तितकं सोपं नसतं. जाड थर देऊन काच तयार करण्याच्या पद्धतीत ग्लिसरीन वापरतात, त्याने बाकी सगळं पारदर्शक होतं. पण अंकुशकृमीच्या अंड्याचं कवच इतकं पातळ असतं की अर्धा-एक तास उलटला की अंडंही त्यात विरघळल्यासारखं दिसेनासं होतं. वेळेत बघितलं तर लंबगोल, काचेसारखं स्वच्छ, आत चार-आठ पेशींचा पुंजका आणि कवचाभोवती मोकळी जागा अशी ती सुरेख आकृती दिसते. दुपारी काच बघायला घेतली तर "अंडी आढळली नाहीत" असा रिपोर्ट जातो. म्हणून एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणजे जंत नाहीत असं धरू नये.

दाई

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे ओवीच्या गोळीबद्दल थोडं लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिली तिमाही संपल्यावर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम किंवा मेबेंडाझोल ५०० मिलिग्रॅमचा एक डोस देता येतो. जिथे गरोदर बायकांमध्ये अंकुशकृमी किंवा व्हिपवर्म या आतड्यातल्या दुसऱ्या जंताचं प्रमाण २० टक्के किंवा जास्त आणि रक्तक्षयाचं ४० टक्के किंवा जास्त आहे तिथे हा डोस सरसकट द्यायला सांगितलाय. एखाद्या बाईच्या रिपोर्टमध्ये अंडी सापडली तर तिच्यासाठी तो निर्णय तिचे डॉक्टर घेतातच. पाचवा महिना म्हणजे योग्य वेळ. सोबत लोह आणि फॉलिक अॅसिड सोडायचं नाही.

पहिल्या तीन महिन्यांत मात्र कुणीही दुकानातून आणून जंताची गोळी घेऊ नका. बाळाचे अवयव घडण्याचा तो काळ असतो. हे ठळक अक्षरांत वाचा असंच समजा.

कासव

लेख आवडला, पण एक शंका आहे. जंत प्रतिकारशक्तीला शांत करतात, तर गंभीर विषाणूजन्य आजारात ज्या अति-दाहामुळे माणूस दगावतो त्यात त्यांचा फायदाच व्हायला हवा ना? कोविडच्या काळात असं काही वाचल्याचं आठवतंय.

निरगुडी

कासव, अगदी बरोबर प्रश्न. याच कारणासाठी मी "कधी उलटही होतं" असं लिहिलं. इथिओपियातल्या कोविड रुग्णांच्या एका अभ्यासात ज्यांच्या आतड्यात परजीवी होते त्यांच्यात गंभीर आजाराचं प्रमाण कमी आढळलं. ते गरोदर बायकांबद्दल नव्हतं, आणि कारण आणि परिणाम त्यातून सिद्ध होत नाही. उंदरांमध्येही २०१७ साली दिसलं की आतड्यातल्या एका जंतामुळे आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूपासून संरक्षण मिळालं. तिथे फुप्फुसात इंटरफेरॉन वाढलं होतं आणि त्याला आतड्यातले जिवाणू लागत होते. आणि जवळपास त्याच जंताने वेस्ट नाइल विषाणूच्या बाबतीत मात्र उंदरांचे मृत्यू वाढवले.

तेव्हा दिशा कोणता जंत, कोणता विषाणू, संसर्ग कुठल्या अवयवात आणि आधी कोण आला यावर ठरते. "जंत असले की विषाणू जास्त" असं सरसकट विधान मी करणार नाही. "जंत चांगले असतात" हे तर त्याहून नाही, कारण ओवीचं ९.१ हिमोग्लोबिन समोर आहे.

शंखनाद

गरोदरपणाशी थेट संबंध असलेली माणसांमधली माहिती द्या ना. उंदीर पुरे झाले.

निरगुडी

देते. सगळ्यात भक्कम माहिती हिवतापाची आहे.

फाल्सिपेरम या प्रकारच्या हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीवर स्वतःची प्रथिनं बाहेर काढतो. त्यातलं व्हीएआर२सीएसए नावाचं प्रथिन वारेतल्या काँड्रॉइटिन सल्फेट ए या रेणूला चिकटतं. त्यामुळे परजीवी असलेल्या पेशी वारेतच मुक्काम ठोकतात. गरोदर नसलेल्या बाईला हा प्रकार कधी भेटलेलाच नसतो, म्हणून लहानपणापासून हिवताप सोसून अंगात प्रतिकार आलेली बाईसुद्धा पहिल्या खेपेला नव्याने आजारी पडते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि त्रास कमी होतो.

अशा वारेचा काप मी बघितलाय. आईचं रक्त ज्या पोकळ्यांत खेळतं तिथे परजीवींनी गच्च भरलेल्या पेशी, मध्ये मध्ये आईच्या पांढऱ्या पेशींची गर्दी आणि फायब्रिनच्या धाग्यांत अडकलेले तपकिरी-काळे कण. तो हिवतापाचा रंगकण, परजीवीने हिमोग्लोबिन खाऊन टाकलेली राख. परजीवी औषधाने गेले तरी ते कण उरतात, त्यामुळे बाळंतपणानंतरही "इथे हिवताप होऊन गेला" हे वार सांगते.

आता इथे विषाणू कुठे येतो? दोन ठिकाणी.

पहिलं, एचआयव्ही. मलावीतल्या गरोदर बायकांमध्ये असं आढळलं की हिवताप आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्यांच्या रक्तातही आणि वारेतही एचआयव्हीचं प्रमाण हिवताप नसलेल्यांपेक्षा जास्त होतं. हिवतापाने रोगप्रतिकारक पेशी चेतवल्या जातात, आणि एचआयव्हीला वाढायला चेतवलेल्या पेशीच हव्या असतात. वारेतल्या भक्षक पेशींवर सीसीआर५ हे दारही हिवतापामुळे वाढलेलं दिसलंय, आणि एचआयव्ही त्याच दाराने पेशीत शिरतो. उलट बाजूने एचआयव्हीमुळे हिवताप बळावतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मिळणारं संरक्षणही हातचं जातं.

दुसरं ठिकाण बाळाची शिदोरी. आईची आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, मुख्यतः शेवटच्या तिमाहीत. गोवराविरुद्धची, आरएसव्हीविरुद्धची अशी बाळाच्या पहिल्या काही महिन्यांची ढाल तीच. वारेत हिवताप असेल तर ही पोचवणी कमी होते, असं गॅम्बियासह काही ठिकाणच्या अभ्यासांत दिसलंय, गोवराच्या प्रतिपिंडांबाबत विशेषतः. एक कारण असं मानतात की सततच्या हिवतापाने आईच्या रक्तात एकूण आयजीजी भरमसाट वाढतं आणि ती पलीकडे नेणारे वारेतले वाहक रेणू अपुरे पडतात. मग आईला बाधा होवो न होवो, बाळ मात्र विषाणूंपुढे उघडं पडतं. गरोदरपणातल्या परजीवींबद्दल बोलताना ही दुसरी बाजू मला जास्त चिंतेची वाटते, कारण तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

मनवा

बापरे. बाळाच्या शिदोरीबद्दल कधीच वाचलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

दाई

निरगुडी, एचआयव्हीबद्दल एक पुस्ती जोडते, नाहीतर कुणी घाबरेल. हिवतापामुळे आईकडून बाळाला एचआयव्ही जास्त जातो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. युगांडातल्या राकाईमध्ये तसं दिसलं. पश्चिम केनियातल्या अभ्यासात चित्र गुंतागुंतीचं होतं: वारेत परजीवी थोडे असतील तर संक्रमण कमी आणि भरपूर असतील तर त्यांच्या तुलनेत जास्त. थोड्या दाहाने विषाणूला आळा बसत असावा आणि जास्त दाहाने वारेची भिंतच खराब होत असावी, असा माझा अंदाज.

आणि हे सगळे जुने अभ्यास एचआयव्हीचे नियमित उपचार सगळ्यांना मिळण्याआधीचे आहेत. उपचाराशिवाय बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, नीट उपचार घेतले तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. त्यामुळे एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईसाठी एआरटीच्या (एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या) गोळ्या न चुकवणं याच्या जवळपासही बाकी काही येत नाही. जंत-हिवतापाचा इलाज त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

शंखनाद

धन्यवाद, हे हवं होतं. जंतांबद्दल असा काही मानवी पुरावा?

निरगुडी

आहे, पण पातळ. केनियाच्या किनारी भागातला २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास म्हणतो की एचआयव्ही असलेल्या ज्या आयांना जंतांचाही संसर्ग होता त्यांच्याकडून बाळाला एचआयव्ही जाण्याची शक्यता जास्त होती. त्यातली लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे नाळेच्या रक्तातल्या काही बाळांच्या पेशी जंतांच्या प्रथिनांना ओळखत होत्या. बाळाला जंत झालेला नसतो, तरी त्याच्या प्रतिकारशक्तीने आईच्या जंताची दखल पोटातच घेतलेली असते.

पेरूमध्ये २०१६ च्या अभ्यासात आतड्यातले जंत असलेल्या बायकांच्या गर्भाशयमुखात एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंधित विषाणू) जास्त आढळला. तिथेही जंत आतड्यात आणि बदल गर्भाशयमुखात, म्हणजे उंदरांच्या हर्पिसच्या प्रयोगाशी जुळणारं. शिस्टोसोमाची गोष्ट वेगळी. हा परजीवी गोड्या पाण्यातून त्वचेतून शिरतो आणि त्याच्या एका जातीची अंडी थेट गर्भाशयमुख आणि योनिमार्गात अडकतात. तिथे वाळूच्या कणांसारखे ठिपके दिसतात, जखमा होतात, स्पर्शाने रक्त येतं. अशा सुमारे ५.६ कोटी बायका असाव्यात असा अंदाज आहे. झिंबाब्वेत २००६ मध्ये अशा बायकांमध्ये एचआयव्ही असण्याची शक्यता साधारण तिप्पट आढळली. तिथे प्रतिकारशक्तीच्या गुंतागुंतीत जायचीही गरज नाही, त्वचेचा अडसरच फाटलेला असतो. त्यात अनेकदा गुप्तरोग समजून भलतेच उपचार होत राहतात आणि बाईलाच दोष दिला जातो. याचा मला फार राग येतो.

कासव

मग गरोदरपणात सगळ्यांनाच जंताचं औषध दिलं तर विषाणूंचा धोका कमी होतो, असं कुणी तपासलंय का? सगळा संबंध त्यानेच सिद्ध होईल.

निरगुडी

युगांडात एन्टेबी इथे मोठी चाचणी झाली. २५०७ गरोदर बायका, दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत काहींना अल्बेंडाझोल, काहींना प्राझिक्वांटेल (शिस्टोसोमावरचं औषध), काहींना दोन्ही, काहींना नुसती साखरेची गोळी. बाळांचा पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केला. अपेक्षा होती की आईचे जंत काढले की बाळाला लशी जास्त चांगल्या लागू पडतील. गोवर, धनुर्वात आणि क्षयाच्या लशींना मिळणाऱ्या प्रतिसादात मोलाचा फरक पडला नाही, जन्माच्या वजनातही नाही. उलट उपचार घेतलेल्या आयांच्या बाळांमध्ये एक्झिमा (इसब) जास्त दिसला.

तिथल्या बहुतेक बायकांमध्ये जंतांचं प्रमाण हलकं होतं, हे ध्यानात ठेवायला हवं. दहा जंत असलेल्या आणि तीनशे जंत असलेल्या बाईला एकाच गोळीचा सारखाच फायदा होईल अशी अपेक्षा धरू नये. तरी या निकालाने मला एक गोष्ट पटली: जंत काढणं म्हणजे प्रतिकारशक्तीचं बटण दाबून पूर्ववत करणं नव्हे. वर्षानुवर्षं घडलेलं वळण एका गोळीने सरळ होत नाही. म्हणून मला वाटतं की हे गरोदरपणाच्या आधीच, मुलगी शाळेत असतानापासून हाताळायचं काम आहे.

तिसरा_मजला

विषयांतर होतंय का माहीत नाही, पण आमच्या घरी मांजर आहे आणि बायको दोन महिन्यांची गरोदर आहे. सासूबाई म्हणतात मांजर लगेच द्या कुणाला तरी. तोही परजीवीच ना?

दाई

हो, टॉक्सोप्लाझ्मा. विषाणूंशी याचा इथे फार संबंध नाही, पण विचारलंय तर थोडक्यात. मांजर द्यायची गरज नसते. बायकोला पूर्वी हा संसर्ग होऊन गेला असेल तर बहुधा प्रश्नच नाही, पहिल्यांदाच गरोदरपणात झाला तर बाळाला धोका असतो. मांजराच्या विष्ठेतले बीजांड बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठेचा डबा रोज साफ करायचा आणि तो तुम्ही करायचा, बायकोने नाही. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस टाळायचं आणि मातीत काम करताना हातमोजे घालायचे. मांजराला कुरवाळण्याने काही होत नाही.

तिसरा_मजला

खूप आभार, डॉक्टर. डबा आजपासून माझ्याकडे. सासूबाईंनाही हे वाचायला देतो.

पाऊलवाट

मूळ विषयाकडे. झिका विषाणूचं काय? ज्या भागांत झिका पसरला त्यांतल्या बऱ्याच भागांत हिवतापही होता. वारेत हिवताप असेल तर झिकाला वाट मोकळी होते का?

निरगुडी

पाऊलवाट, मला जे खात्रीने माहीत आहे तेवढंच सांगते. वारेचा सगळ्यात बाहेरचा थर, जो आईच्या रक्तात बुडालेला असतो, तो एकजीव झालेल्या पेशींचा असतो आणि लॅम्डा इंटरफेरॉन सोडून झिकासारख्या विषाणूंना अडवतो. त्याच्या आतल्या भक्षक पेशी मात्र झिकाला सहज बळी पडतात. म्हणजे बाहेरचा थर शाबूत असणं सगळ्यात महत्त्वाचं. वारेतल्या हिवतापात नेमका हाच थर मार खातो: कुठे झिजतो, कुठे त्याखालचं आवरण जाड होतं, दाहाच्या पेशी त्याला चिकटतात. यावरून शंका घ्यायला जागा आहे, पण मी त्याला तर्कच म्हणेन. आपण तर्काला पुरावा म्हणायला लागलो की उद्या कुणीतरी त्यावर घरगुती उपाय विकायला बसेल.

मनवा

मला सगळं शास्त्र नाही कळलं, पण सरळ विचारते. हिवतापाच्या भागात राहणाऱ्या गरोदर बाईने काय करावं?

दाई

औषधी जाळीत झोपणं सुरुवातीपासून. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासणं, "बघू उद्या" नाही. आफ्रिकेतल्या जास्त हिवतापाच्या भागांत दुसऱ्या तिमाहीपासून सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या हिवतापाच्या औषधाचे डोस ताप नसतानाही देतात, किमान तीन, एकेक महिन्याच्या अंतराने. एचआयव्ही असून कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक चालू असेल तर ते द्यायचे नाहीत, दोन्ही एकाच गटातली औषधं आहेत. हिवताप झालाच तर आता पहिल्या तिमाहीतही आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन वापरता येतं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तशी शिफारस केली. व्हायव्हॅक्स प्रकारचा हिवताप असेल तर क्लोरोक्विन चालतं, पण प्रायमाक्विन गरोदरपणात देत नाहीत, ते नंतर.

निरगुडी

हे किती मोठं आहे त्याचा अंदाज यावा म्हणून: २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या मध्यम ते जास्त हिवतापाच्या ३३ देशांत अंदाजे ३.५४ कोटी गर्भारपणं होती, त्यातल्या १.२७ कोटींमध्ये हिवतापाचा संसर्ग झाला. एक तृतीयांशाहून जास्त. त्या प्रत्येक बाळाची शिदोरी किती भरली असेल, हा विचार सोडत नाही.

शंखनाद

लशींचं काय? शिदोरी कमी पडत असेल तर आईला लस देऊन ती वाढवता येते का?

दाई

नेमकं तेच करतात. इन्फ्लुएन्झाची निष्क्रिय लस गरोदरपणात कुठल्याही तिमाहीत देता येते. आरएसव्हीची आईला द्यायची लस २०२३ पासून आली आहे, ती शेवटच्या तिमाहीत देतात, कारण तेव्हाच प्रतिपिंडं बाळाकडे भरभरून जातात. गोवर आणि कांजिण्यांच्या लशींत जिवंत विषाणू असतो, त्या गरोदरपणात नाही. त्या गरोदर राहण्याआधी पूर्ण करायच्या.

आणि एक गोष्ट कुणी विचारली नाही पण महत्त्वाची आहे. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक जंत आहे जो शरीरातल्या शरीरात स्वतःची पिढी वाढवतो. मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असली की बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइड देतो. हा जंत अंगात असेल तर स्टिरॉइडमुळे तो सगळ्या शरीरभर पसरू शकतो. एचटीएलव्ही-१ हा विषाणू असलेल्यांमध्ये तो विशेष बळावतो, आणि हा विषाणू आईच्या दुधातूनही बाळाकडे जातो. ज्या भागांत हे दोन्ही आढळतात तिथे इओसिनोफिल वाढलेले दिसले तर डॉक्टरांना आठवण करून द्या.

ओवी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गोळी घेतली. लोहाची गोळी चालू आहे, काळी शौच होतेय, ते त्यामुळेच ना? आणि पुन्हा तपासणी कधी करू? बाळंतपणानंतर जंत परत सापडले तर अंगावर पाजत असताना गोळी चालेल का?

दाई

काळा रंग लोहाच्या गोळीमुळे येतो, पण चक्कर किंवा पोटात जोरात दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवा. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, दोन्हींत तास-दोन तासांचं अंतर ठेवा. अंगावर पाजताना अल्बेंडाझोलचा एक डोस चालतो, त्यासाठी दूध बंद करायचं कारण नाही.

निरगुडी

शौचाची तपासणी दोन-तीन आठवड्यांनी कर, लगेच नको. नमुना सकाळी ताजा दे आणि प्रयोगशाळेत सांग की अंकुशकृमी बघायचेत, म्हणजे ते काच तयार केल्याबरोबर बघतील. जमलं तर वेगवेगळ्या दिवशी दोन नमुने दे. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घे, आणि मातीत अनवाणी चालायचं नाही, अळी पायाच्या त्वचेतूनच शिरते. हिमोग्लोबिन महिन्याभराने पुन्हा बघ आणि आकडा इथे लिही.